शांघायहून सुझोऊ: कार्यालयाची वारसा आणि हस्तकला सहल आखणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शक

शांघायमधल्या एखाद्या भारतीय कंपनीच्या कार्यालयात तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर वर्षाच्या आत कधीतरी कर्मचाऱ्यांची सहल आखण्याचे काम तुमच्याकडे येण्याची शक्यता बरीच आहे. वरिष्ठांची सूचना बहुधा त्रोटक असते: या वेळी नुसते जेवण आणि खेळ नकोत, चीनचा प्राचीन वारसा आणि पारंपरिक कला पाहता येतील असे काहीतरी ठरवा. अशा सहली मी आखल्या आहेत आणि एका दिवसाच्या सहलीसाठी माझे उत्तर ठरलेले आहे, ते म्हणजे सुझोऊ. वेगवान रेल्वेने शांघायपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेले हे शहर इ. स. पू. ५१४ मध्ये वू राज्याची राजधानी म्हणून वसवले गेले आणि जुन्या शहरातली कालव्यांची आखणी आजही बरीचशी टिकून आहे. सन १२२९ मध्ये दगडावर कोरलेला शहराचा नकाशा तिथल्या शिलालेख संग्रहालयात आहे, आणि त्यावरचे कित्येक रस्ते व कालवे आजच्या नकाशाशी ताडून पाहता येतात. शिवाय रेशमी भरतकाम, केसी नावाचे रेशमी चित्रविणकाम, लाकडी ठशांची चित्रे आणि पंखे यांवर उदरनिर्वाह करणारे कारागीर तिथे अजून आहेत. कामगारांच्या सहलीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते, कारण काचेमागची वस्तू पाहून लोक पुढे सरकतात, पण हातात सुई दिली की तासभर जागचे हलत नाहीत.

पुढची माहिती भारतीय आणि चिनी सहकारी एकत्र असलेल्या, साधारण १५ ते ३० जणांच्या गटाला समोर ठेवून लिहिली आहे.

१. तारीख ठरवणे

सर्वांत आधी तारीख पक्की करा, कारण बाकीचे सगळे आरक्षण तारखेवर अवलंबून आहे. सोमवार टाळा, चीनमधली बहुतेक सरकारी संग्रहालये त्या दिवशी बंद असतात आणि सुझोऊ संग्रहालयही त्यांपैकीच आहे. शनिवार-रविवारीही शक्यतो जाऊ नका. गर्दी हे त्याचे एक कारण आहे, पण दुसरे कारण अधिक गंभीर आहे: सुटीच्या दिवशी ठेवलेल्या कार्यालयीन सहलीला चिनी सहकारी येतात, फोटोत हसतात आणि मनातून नाराज असतात. सहल कामाच्या दिवशी ठेवण्याची परवानगी व्यवस्थापनाकडून मिळवणे हे तुमचे पहिले खरे काम आहे, आणि ती मिळाली तर निम्मी सहल यशस्वी झाली असे समजायला हरकत नाही.

वसंतोत्सव म्हणजे चिनी नववर्ष, एप्रिलच्या आरंभीचा छिंगमिंग हा पूर्वजस्मरणाचा सण, १ मेपासूनची कामगार दिनाची सुटी आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा या काळात सुझोऊच्या उद्यानांत पाय ठेवायला जागा नसते. याशिवाय चीनमध्ये मोठ्या सुट्यांच्या बदल्यात आधीचा किंवा नंतरचा शनिवार-रविवार कामाचा दिवस म्हणून जाहीर होतो, त्यामुळे सरकारने प्रसिद्ध केलेले त्या वर्षाचे सुट्यांचे पत्रक पाहिल्याशिवाय तारीख कोणालाही कळवू नका. हवामानाचा विचार केला तर मार्चअखेर ते एप्रिल आणि मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबर हे काळ उत्तम आहेत. जूनच्या मध्यापासून साधारण जुलैच्या पूर्वार्धापर्यंत यांगत्सी नदीच्या खालच्या खोऱ्यात पावसाची रिपरिप चालते, आणि त्यानंतरचा उन्हाळा इतका दमट असतो की कोकणातल्या माणसालाही तो सोसवत नाही.

२. नावांची यादी आणि कागदपत्रे

ठिकाणे निवडण्याच्या उत्साहात हे काम मागे पडते आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळी धांदल याच्यामुळेच होते. चीनमध्ये रेल्वेचे तिकीट, संग्रहालयाचा मोफत प्रवेश, प्रसिद्ध उद्यानांचे तिकीट आणि अपघात विमा हे सगळे प्रत्येक व्यक्तीच्या नावावर व ओळखपत्राच्या क्रमांकावर काढावे लागते. म्हणून पहिल्याच आठवड्यात पुढील गोष्टी जमवा.

- भारतीय आणि इतर परदेशी सहकाऱ्यांसाठी: पासपोर्टवर जसे आहे तसे संपूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, त्याची मुदत आणि जन्मतारीख.
- चिनी सहकाऱ्यांसाठी: ओळखपत्रावरचे नाव आणि १८ अंकी क्रमांक.
- सर्वांसाठी: वीचॅट या चिनी संदेश-ॲपशी जोडलेला मोबाइल क्रमांक, आहाराविषयीची माहिती आणि चालण्याची अडचण असल्यास तिची नोंद.
- सहलीच्या दिवशी प्रत्येकाजवळ: मूळ पासपोर्ट किंवा मूळ ओळखपत्र.

शेवटच्या मुद्द्यावर जोर द्यावासा वाटतो. पासपोर्टची छायाप्रत किंवा मोबाइलमधला फोटो रेल्वे स्थानकाच्या दारात चालत नाही, आणि एक माणूस दाराबाहेर अडकला की सगळा गट अडकतो. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी निघण्यापूर्वी अशी दोनदा आठवण द्या.

मराठी नावांच्या बाबतीत एक खास अडचण येते. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, पण कार्यालयातल्या कागदांवर ते गाळलेले असते. तसेच लग्नानंतर कार्यालयात नवे आडनाव लावणाऱ्या अनेक महिलांच्या पासपोर्टवर माहेरचेच नाव असते. मनुष्यबळ विभागाकडची तयार यादी वापरून तिकिटे काढली की अशी नावे जुळत नाहीत, म्हणून प्रत्येकाकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवून त्यावरूनच यादी तयार करावी. ज्यांनी नुकताच पासपोर्ट बदलून घेतला आहे त्यांच्या रेल्वेच्या खात्यात जुनाच क्रमांक राहिलेला असतो, हेही तपासा. आणि निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी कोणाचा पासपोर्ट सहलीच्या तारखेला सरकारी परवाना कार्यालयात जमा असणार आहे का, हे आधी विचारून घ्या.

ही माहिती वीचॅटच्या सामूहिक गटात मागवू नका. चीनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कोणालाही आपला ओळखपत्र क्रमांक तीस जणांसमोर मांडायला आवडत नाही.

३. एकच कला निवडणे

या टप्प्यावर भरपूर वेळ घालवा. प्रवासी कंपन्या तुम्हाला एका दिवसात दोन उद्याने, एक पॅगोडा, कालव्यातली नौका, रेशीम कारखाना आणि ‘हस्तकला अनुभव’ असा कार्यक्रम देतील. त्यातला हस्तकला अनुभव चाळीस मिनिटांचा असतो आणि त्यात आधीच तयार असलेल्या वस्तूवर तुम्ही दोन फराटे ओढता. त्याऐवजी एक कला निवडा, तिला निदान अडीच तास द्या आणि उरलेल्या दिवसात एक संग्रहालय व एक उद्यान एवढेच ठेवा. एका शिक्षकामागे १० ते १२ पेक्षा जास्त माणसे असू नयेत. गट मोठा असेल तर दोन शिक्षक मागा किंवा अर्धा गट उद्यानात पाठवून नंतर अदलाबदल करा.

*सुझोऊ भरतकाम.* ही इथली सर्वांत प्रसिद्ध कला आहे. तिचे मर्म धागा उलगडण्यात आहे: रेशमाचा एक धागा बोटांनी विलग करत दोन, चार, आठ, सोळा आणि त्याहूनही अधिक भागांत उलगडला जातो, आणि सोनमाशाचे पारदर्शक शेपूट किंवा मांजरीचे केस अशा तंतूंनी भरले जातात. कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखेच दिसणारे दुहेरी भरतकाम पाहिले की टाके आणि गाठी नेमक्या कुठे लपवल्या आहेत, हे शोधण्यात सगळे गुंततात. शहरात जिंगदे रस्त्यावर हुआनश्यू शानझुआंग या जागतिक वारसा उद्यानाला लागून भरतकाम संशोधन संस्था आहे. कारागिरांचे मोठे गाव मात्र झेनहू, ते पश्चिमेला तायहू सरोवराच्या काठी आहे. तिथे भरतकामाच्या दुकानांची आणि कार्यशाळांची एक संपूर्ण रस्ताभर रांग असून भरतकामाचे स्वतंत्र संग्रहालयही आहे. झेनहू जुन्या शहरापासून बरेच दूर असल्यामुळे तिथे जायचे असेल तर बस करावी लागते आणि उद्यान किंवा संग्रहालय यांपैकी एक गोष्ट सोडावी लागते. गटाची आवड पाहून हा निर्णय घ्या. भरतकामाची जाण असलेल्या दोन-चार व्यक्ती गटात असतील तर मी झेनहूच निवडेन.

सहभागींना आधीच सांगून ठेवा की दोन-अडीच तासांत नवख्या माणसाच्या हातून एखादे पान किंवा पाकळी भरून होते, त्याहून जास्त नाही. हे सांगितले नाही तर लोक हिरमुसतात, आणि सांगितले तर तेच पान अभिमानाने दाखवतात. मुंबईच्या पारशी घरांत जपलेल्या गारा साड्यांचे भरतकाम मुळात चीनमधून आलेले आहे, अर्थात तो व्यापार मुख्यतः दक्षिण चीनमधल्या कँटनच्या (आजच्या ग्वांगझोऊच्या) बंदरातून चालत असे. गटातल्या मुंबईकरांना ही ओळख पटली की त्यांचा रस वाढतो.

*केसी विणकाम.* हे करून पाहण्यासाठी नाही, पाहण्यासाठी आहे. पण मराठी माणसाने ते पाहावेच. केसीमध्ये ताणा कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जातो, बाण्याचा प्रत्येक रंग मात्र आपल्या जागेपुरता जाऊन परत फिरतो, आणि त्यासाठी विणकर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी धोटी वापरतो. पैठणीच्या पदरावरचा मोर याच तत्त्वावर विणला जातो आणि तिथेही कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. फरक असा की पैठणीत शेजारच्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवले जातात, तर केसीमध्ये रंगांच्या सीमेवर बारीक फट राहते आणि कापड उजेडाकडे धरले की त्या फटींमुळे चित्र कोरल्यासारखे दिसते. येवल्याचे किंवा पैठणचे कोणी तुमच्या गटात असेल तर विणकराशी त्यांचे बोलणे घडवून आणा. दुभाषाची फारशी गरज पडत नाही असा माझा अनुभव आहे. रेशीम उत्पादन व विणकामाची चिनी परंपरा २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, तीत केसीचा समावेश आहे.

*ताओहुआवूची ठशांची चित्रे.* पहिल्यांदाच सहल आखणाऱ्याने डोळे झाकून निवडावी अशी ही कला आहे. नववर्षाला दारावर आणि भिंतीवर लावायची ही चित्रे मिंग राजवटीच्या काळापासून (१३६८–१६४४) सुझोऊत छापली जात आली. प्रत्येक रंगासाठी वेगळा लाकडी ठसा असतो. कागद एका बाजूने पक्का धरून ठेवतात, ठशावर रंग लावतात, कागद त्यावर पसरून पाठीमागून घासतात, आणि पुढच्या रंगासाठी ठसा बदलतात. ठसा केसभर सरकला तर चेहऱ्याचा रंग रेषेबाहेर जातो, त्यामुळे विनोदही भरपूर होतात. ठसे आधीच कोरलेले असल्याने तासा-दीड तासात प्रत्येकाच्या हाती पूर्ण चित्र पडते, आणि कौशल्याचा अंदाज येण्याइतकी अडचणही अनुभवता येते. गोल गरगरीत, हसऱ्या मूर्तीचे ‘यित्वान हछी’ हे चित्र सलोख्याचे प्रतीक मानले जाते, म्हणून कार्यालयीन गटांसाठी बहुतेक वेळा तेच दिले जाते. चित्रे ओली असताना गुंडाळू नका आणि पुठ्ठ्याच्या नळ्या आधीच मागवून ठेवा.

रेशमी गोल पंख्यावर चित्र काढण्याच्या कार्यशाळाही सगळीकडे मिळतात. त्या स्वस्त आणि सोप्या आहेत, पण त्यांत सुझोऊचे असे फारसे काही हाती लागत नाही.

कार्यशाळा ठरवताना पुढील गोष्टी लेखी घ्या: शिक्षक स्वतः कारागीर आहे की सहायक, साहित्याचा खर्च दरात धरला आहे का, वस्तू घरी नेता येते का, पाऊस पडल्यास किंवा माणसे कमी झाल्यास आगाऊ रकमेचे काय होईल, आणि कार्यशाळेनंतर विक्रीचा कार्यक्रम आहे का. शेवटच्या प्रश्नाला ‘थोडासा’ असे उत्तर आले तर दुसरी जागा शोधा.

४. संग्रहालय आणि उद्यान

सुझोऊ संग्रहालयाची मुख्य इमारत प्रसिद्ध वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी उतारवयात आखली आणि ती २००६ मध्ये खुली झाली. पेई यांचे घराणे सुझोऊचे. जवळचेच सिंहवन उद्यान एकेकाळी त्यांच्या कुटुंबाच्या मालकीचे होते. पांढऱ्या भिंतीसमोर कापलेल्या शिळा उभ्या करून त्यांनी पाण्याकाठी जे डोंगरचित्र रचले आहे, ते पाहताना शाई आणि कागदाची चित्रपरंपरा समजायला मदत होते. आत दोन वस्तू चुकवू नका: टायगर हिलच्या पॅगोडात सापडलेले कमळाच्या आकाराचे हिरवट चिनी मातीचे पात्र, आणि १९७८ मध्ये रुइग्वांग पॅगोडात सापडलेला मोत्यांनी मढवलेला बौद्ध अवशेषस्तंभ. प्रवेश मोफत आहे, पण नावानिशी पूर्वनोंदणी लागते आणि लोकप्रिय तारखांच्या जागा पाहता पाहता संपतात. नोंदणी ज्या दिवशी खुली होते त्या दिवशी सकाळीच बसून ती करा. शेवटचा प्रवेश दुपारी ४ वाजता असल्याने संग्रहालय दिवसाच्या शेवटी ठेवू नका.

उद्यानांत झुओझेंग हे सर्वांत मोठे, सुमारे ५ हेक्टरचे, आणि संग्रहालयाला लागूनच आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी वांग श्यानचेन या निवृत्त अधिकाऱ्याने ते करायला घेतले. पाण्यापलीकडे दूरवर दिसणारा बेइसी पॅगोडा उद्यानाच्या बाहेर आहे, तरी तो उद्यानाचाच भाग वाटावा अशी सगळी मांडणी केलेली आहे; गटाला त्या जागी थांबवून हे दाखवा. तरीही तीस जणांच्या गटासाठी माझी पसंती वांगशी उद्यानाला आहे. ते जेमतेम अर्ध्या हेक्टरचे असून तिथे कोणी हरवत नाही, आणि घर, अंगण, पाणी व खडक यांचा मेळ थोड्या वेळात लक्षात येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले १९८१ मध्ये खुले झालेले चिनी अंगण याच उद्यानातल्या एका अंगणावरून सुझोऊच्या कारागिरांनी घडवले. सहलीचा विषय हस्तकला असेल तर उद्यानाकडेही सुतार, गवंडी आणि विटा भाजणारे यांची कलाकृती म्हणून पाहायला सांगा: खिडक्यांच्या जाळ्या, पायाखालची खड्यांची नक्षी, दारावरचे विटांतले कोरीवकाम. हे दाखवणारा मार्गदर्शक मिळाला तर अधिक पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका.

वेळ उरलाच तर बेइसी पॅगोडाजवळच्या रेशीम संग्रहालयात चालते हातमाग पाहता येतात, आणि पिंगजियांग रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत कुनछू नाट्य आणि पिंगतान कथागायन यांची छोटी संग्रहालये आहेत. कुनछू हा २००१ मध्ये युनेस्कोने जाहीर केलेल्या पहिल्या अमूर्त वारसा यादीतला नाट्यप्रकार आहे, पण दिवसभर चाललेल्या गटाला त्याचा पूर्ण प्रयोग दाखवण्याच्या फंदात पडू नका. चहागृहात बसून अर्धा तास पिंगतान ऐकणे पुरे.

५. प्रवास

तिकिटे १२३०६ या रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर काढा. विक्री प्रवासाच्या १५ दिवस आधी सुरू होते. परदेशी पासपोर्टची पडताळणी एकदा पूर्ण व्हावी लागते आणि ती लगेच होईलच असे नाही, म्हणून विक्री सुरू होण्याच्या आठवडाभर आधी सर्व नावे खात्यात भरून ठेवा.

इथला मोठा सापळा स्थानकांचा आहे. ‘सुझोऊ’ हे स्थानक जुन्या शहराच्या उत्तर टोकाला आहे आणि तुम्हाला तेच हवे. ‘सुझोऊ उत्तर’ हे बीजिंग-शांघाय वेगवान मार्गावरचे स्थानक शहरापासून बरेच दूर आहे. तिथे उतरलात तर वाचवलेला वेळ मेट्रोत जातो. शांघायच्या बाजूलाही ‘शांघाय’ आणि ‘शांघाय हाँगछाओ’ ही दोन वेगळी स्थानके आहेत, आणि निरोपात नुसते ‘शांघाय स्टेशन’ लिहिले की दोन-तीन माणसे चुकीच्या ठिकाणी पोहोचतात. स्थानकाचे नाव चिनी लिपीत आणि मेट्रो मार्गाच्या क्रमांकासह पाठवा.

चिनी ओळखपत्रधारक यंत्राच्या दारातून सरळ आत जातात. पासपोर्टधारकांनी बाजूच्या, कर्मचारी असलेल्या दाराकडे जावे, त्यामुळे त्यांना गाडीच्या निदान ४५ मिनिटे आधी बोलवा. सुझोऊला उतरल्यावर बाहेर रिक्षावाले आणि दलाल ‘रांगेशिवाय उद्यानात नेतो’ असे सांगत मागे लागतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गावर पुढचेच स्थानक बेइसिता आहे आणि तिथून संग्रहालयाकडे चालत जाता येते.

बस केल्यास दारापासून दारापर्यंत सोय होते, पण जुन्या शहरातले रस्ते अरुंद असल्याने बस उद्यानापासून दूर थांबते आणि संध्याकाळी परतताना शांघायच्या वेशीवर वाहतूक तुंबते. झेनहूला जायचे असेल किंवा गटात वृद्ध पालक असतील तरच बस घ्या.

परतीच्या वेळी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याच्या कात्र्या आणि सुऱ्या गाडीत नेऊ देत नाहीत. भरतकामाचे किंवा ठसे कोरण्याचे संच भेट म्हणून मिळाले असतील तर ते स्थानकाच्या तपासणीत अडतात. कार्यशाळेला सांगून कुरिअरने पाठवून घ्या.

६. जेवण

सुझोऊचे खाणे गोडसर, हळुवार चवीचे आणि मांसाहारी आहे. शाकाहारी सहकाऱ्यांसाठी खरी अडचण ताटात दिसणाऱ्या मांसाची नाही, न दिसणाऱ्या चरबीची आहे. भाजी घातलेल्या नूडल्सचा रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा किंवा माशांचा असतो, आणि इथल्या पारंपरिक पेस्ट्रीत व तांदळाच्या गोड वड्यांत डुकराची चरबी सर्रास वापरतात. तेव्हा ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. रस्सा, चरबी, कोळंबीची पूड आणि ऑयस्टर सॉस नको असे सविस्तर चिनी लिपीत लिहिलेले कार्ड चिनी सहकाऱ्याकडून तयार करून घ्या आणि उपाहारगृहाला आदल्या दिवशीच पाठवा.

सर्वांत सुरक्षित पर्याय बौद्ध मंदिरातला आहे. लियू उद्यानाजवळच्या शियुआन मंदिरातल्या शाकाहारी नूडल्स प्रसिद्ध आहेत. चिनी बौद्ध मंदिरांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन सहकाऱ्यांची बरीचशी काळजी मिटते. कमळकाकडी व इतर कंद मात्र असतात, ते वेगळे सांगावे लागतात. मंदिरात जेवायचे ठरवले तर उद्यान म्हणून लियूच निवडा, म्हणजे चालणे वाचते. मुस्लिम सहकाऱ्यांसाठी लानझोऊ नूडल्सची हलाल उपाहारगृहे शहरभर आहेत.

शरद ऋतूत गेलात तर बाजारात ताजा मखाना आणि शिंगाडा मिळतो. सुझोऊकर मखाण्याचे ओले दाणे हाताने सोलून साखरेच्या पातळ पाण्यात देतात. उपवासाला भाजलेला मखाना खाणाऱ्यांना ही चव नवीन वाटेल. याच काळात यांगचेंग सरोवराच्या खेकड्यांचाही हंगाम असतो. सरोवराचे शिक्के लावलेले खेकडे तिथलेच असतात असे मानून कंपनीच्या खर्चाने मेजवानी ठरवू नका.

७. खरेदी

रेशीम कारखान्याची ‘मोफत’ भेट शेवटी रेशमी रजयांच्या दुकानात संपते आणि मार्गदर्शकाला तिथे दलाली मिळते. कार्यक्रमपत्रिकेत असे ठिकाण दिसले तर काढून टाकायला सांगा, मग दर थोडा वाढला तरी चालेल. पर्यटन रस्त्यांवरचे स्वस्त ‘सुझोऊ भरतकाम’ बहुतांशी यंत्राचे असते: उलट बाजू पाहा, टाक्यांची लांबी यांत्रिकपणे एकसारखी आहे का ते पाहा, आणि किंमत दोन जेवणांइतकी असेल तर हाताचे काम असण्याची आशा सोडा.

भारतात नेण्यासाठी ‘पुरातन’ वस्तू घेण्याचा मोह टाळा. सन १९११ पूर्वीच्या वारसामूल्य असलेल्या वस्तू चीनबाहेर नेण्यास बंदी आहे, त्यामुळे वस्तू खरी असेल तर विमानतळावर अडेल आणि खोटी असेल तर पैसे गेलेलेच आहेत. जुन्या पंख्यांच्या काड्या हस्तिदंती असतील तर त्यांना हातही लावू नका. चीनने २०१७ अखेर हस्तिदंताचा व्यापार बंद केला आणि भारतातही तो बेकायदा आहे.

८. माणसे, विमा आणि दिवसाची वेळ

भाषेसाठी बाहेरचा दुभाषा घ्या. इंग्रजी चांगले असलेल्या एखाद्या चिनी सहकाऱ्यावर दिवसभर भाषांतराचे काम टाकले की त्याची सहल राहत नाही, नोकरीच होते. सर्वांचा दिवसापुरता अपघात विमा काढा आणि विमाकंपनी पासपोर्टधारकांना स्वीकारते याची आधी खात्री करून घ्या. कारागिराच्या चालू कामाचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, हे सर्वांना बजावून ठेवा, कारण तो आराखडा त्याच्या उपजीविकेचा असतो.

वेळेची मांडणी मी साधारण अशी करतो: आठच्या सुमारास गाडी, साडेनऊला संग्रहालय, साडेअकराला जेवण, एक ते साडेतीन कार्यशाळा, त्यानंतर उद्यान, आणि सहाच्या पुढची परतीची गाडी. जेवणानंतर लगेच उद्यान ठेवले तर लोक सावली शोधून बसतात. कार्यशाळेत बसायचेच असते, म्हणून ती वेळ तिला योग्य.

९. पैसे आणि फापियाओ

खर्च कशातून होणार हे आधी विचारा. कार्यालयात कामगार संघटना असेल तर तिच्या निधीतून होणाऱ्या वसंत आणि शरद सहलींवर शहराबाहेर जाणे व मुक्काम यांबाबत बंधने असतात, आणि सुझोऊ हे जिआंगसू प्रांतात, म्हणजे शांघायच्या हद्दीबाहेर आहे. संघटनेच्या कोशाध्यक्षाला विचारल्याशिवाय तो पैसा गृहीत धरू नका. कंपनीच्या कल्याण निधीतून खर्च करणे सोपे जाते.

प्रत्येक खर्चासाठी फापियाओ, म्हणजे करव्यवस्थेतून निघणारे अधिकृत बिल लागते. वीचॅटवरची भरणा पावती लेखा विभाग स्वीकारत नाही. कंपनीचे चिनी नोंदणीकृत नाव आणि करक्रमांक मोबाइलमध्ये तयार ठेवा आणि पैसे देण्यापूर्वीच विचारा की फापियाओ मिळेल का, त्यावर खर्चाचे वर्णन काय येईल, आणि तो कोणाच्या नावाने निघेल. छोट्या कार्यशाळांकडे वैयक्तिक खात्यावर पैसे मागण्याची पद्धत आहे. तसे केले तर फापियाओ मिळणे अवघड होते आणि ती रक्कम तुमच्या खिशातून जाते. रेल्वेचे इलेक्ट्रॉनिक फापियाओ १२३०६ च्या खात्यातून प्रवासानंतर उतरवून घेता येतात. उद्यानांची तिकिटे ज्या खात्यातून काढली त्याच खात्यातून त्यांच्या फापियाओची मागणी करावी लागते, म्हणून सगळी तिकिटे एकाच माणसाच्या खात्यातून काढा आणि सहलीनंतरच्या आठवड्यातच सर्व मागण्या पूर्ण करा. वर्षअखेर जवळ आली की लेखा विभागाचे खाते बंद होते आणि पुढच्या वर्षीच्या तारखेचे बिल ते परत पाठवतात.